पाव्हणं, गाव कुठलं?

कोल्हापुरात अनोळखी माणसाचं नाव बऱ्याच उशिरा कळतं. आधी गाव विचारलं जातं. एस.टी.त शेजारी बसलेला, मिसळीच्या टेबलावर समोर आलेला, दवाखान्यात नंबर लावून बसलेला, कुणीही असो: "पाव्हणं, गाव कुठलं?" उत्तर आलं, समजा मुरगूड, की पुढचे प्रश्न ठरलेले. मुरगुडात कुणाचे? गावात राहता की मळ्यात? आमची आत्या तिथंच दिली आहे, तिच्या दिराला ओळखत असाल. दोन मिनिटांत कुठंतरी धागा सापडतो आणि मग चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून ओढाताण सुरू होते.

हा प्रश्न मला प्रिय आहे. समोरच्याला आपल्या माहितीतल्या कुठल्या तरी गावात बसवल्याशिवाय इथल्या माणसाला चैन पडत नाही, आणि एकदा बसवलं की तो आपला होतो. मग त्याला रस्ता नुसता सांगत नाहीत, गाडीवर घालून सोडून येतात. पण याच प्रश्नाला दुसरीही वाट फुटते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गावावरून आडनाव, आडनावावरून जात, आणि जातीवरून खोली भाड्यानं द्यायची की "नुकतीच गेली" म्हणून सांगायचं. शब्द तेच, सूरही बऱ्याचदा तोच. विचारणारा कुठल्या वाटेनं निघाला आहे ते दुसऱ्या प्रश्नावरून कळतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे नीट बघायला हवं. "मुरगूड" या उत्तरावर "मुरगुडात कुणाचे?" असं विचारणारा पहिलं उत्तर मान्य करून त्याच्या आत शिरतो. "मी कोल्हापूरचीच" या उत्तरावर "तसं नव्हे, मूळच्या कुठल्या?" असं विचारणारा ते उत्तर पुसून टाकतो. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या मराठी मुलीला हेच इंग्रजीत ऐकावं लागतं. ती शाळेत, नोकरीत, टॅक्सीत "बर्मिंगहॅम" सांगते आणि समोरचा म्हणतो, ते झालं, पण खरं कुठली? तिनं आई-वडिलांचं गाव सांगेपर्यंत त्याचं समाधान होत नाही. तिच्या रंगाचं आणि तिच्या उत्तराचं त्याच्या डोक्यात जुळत नसतं. विचारणारा वाईट असतो असं नाही. बहुतेक वेळा त्याला फक्त कुतूहल असतं. पण तोच प्रश्न महिन्यातून चार वेळा, वीस वर्षं ऐकला की त्यातलं कुतूहल संपतं आणि 'तू इथली दिसत नाहीस' एवढंच उरतं.

कोल्हापूरकरांना याची चव घ्यायला बर्मिंगहॅमला जावं लागत नाही, पुणं पुरतं. इथल्या बायका "मी येतो", "मी जेवतो" म्हणतात. घरात, शेतात, कॉलेजात सर्रास. तीच मुलगी पुण्यातल्या वसतिगृहात "चल, मी येतो" म्हणाली की खोलीतल्या मुली हसतात आणि "येते म्हण, येते" म्हणून शिकवायला बसतात. महिन्याभरात तिच्या दोन बोली होतात, एक खोलीतली आणि एक घरी फोनवर बोलायची. भाषा एक, राज्य एक, रंगही एक, तरी "तुमच्याकडचे असंच बोलतात का?" हे ऐकावंच लागतं. ज्यानं ते ऐकलं आहे, त्यानं तरी पुढच्याला ऐकवू नये असं मला मनापासून वाटतं. प्रत्यक्षात अनुभव आपोआप तसा कामाला येत नाही. तो मुद्दाम आठवावा लागतो.

आता लॉजच्या काउंटरकडे येऊ, कारण प्रवासात आपलं-परकं ठरतं ते सगळ्यात आधी तिथं. भारतात परदेशी नागरिकाला उतरवून घेणाऱ्या प्रत्येकानं, हॉटेल असो, लॉज असो की घरगुती मुक्काम, त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते. पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक आणि मुदत, भारतात कधी उतरला, इथं येण्याआधी कुठं होता, पुढं कुठं जाणार, आणि फोटो. जिल्ह्याच्या ठिकाणी ही नोंद बघण्याचं काम पोलिस अधीक्षक कार्यालयाकडं असतं. ती भरण्यासाठी लॉजमालकानं आधी स्वतःची नोंदणी करून लॉगिन घेतलेलं असावं लागतं. अनेक छोट्या लॉजनी ते कधी घेतलेलंच नसतं. मग रात्री अकराला मोबाईलवर 'बुकिंग पक्कं' दाखवणारा पाहुणा दारात उभा राहतो आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "परदेशी चालत नाहीत."

त्या मुलाला म्हणायचं असतं की आमच्याकडं लॉगिन नाही आणि पोलिसांचं लफडं नको. पाहुण्याला ऐकू येतं की तुझ्यासारखे आम्हाला नकोत. पाहुणा काळा असेल तर त्याला दुसरं काही ऐकू येण्याचं कारणही नसतं. जगभर त्याला हेच वाक्य वेगवेगळ्या निमित्तानं ऐकवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी लॉजच्या पानावर एक तारा आणि 'रंग बघून नाकारलं' अशी ओळ पडते. मालक रागावतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि तरी एक माणूस मध्यरात्री बॅगा घेऊन रस्त्यावर आलेला असतो. यावरचा उपाय साधा आहे. मालकानं बुकिंगच्या पानावरच परदेशी पाहुण्यांची नोंद करतो की नाही ते स्पष्ट लिहावं. येणाऱ्यानं आधी संदेश पाठवून तेवढंच विचारावं आणि उत्तर लेखी ठेवावं. आणि इतकं करूनही कुणी दारात आलाच, तर नाही म्हणण्याआधी कारण सांगावं आणि लॉगिन असलेल्या दुसऱ्या हॉटेलला स्वतः फोन लावून द्यावा. या फोनला दोन मिनिटं लागतात.

याच काउंटरवर दुसरी चूक होते, ती मला जास्त टोचते. अरुणाचल, मणिपूर, नागालँड किंवा दार्जिलिंगचा माणूस समोर आला की त्याचे डोळे आणि गालाची हाडं बघून "पासपोर्ट द्या" म्हणतात. त्याच्याकडं आधार आहे, मतदार ओळखपत्र आहे, आणि तो आपल्याच देशात उभा आहे. त्यानं आधार पुढं केल्यावर ते उलटसुलट करून बघतात, तेव्हा त्याला जे वाटतं त्याची भरपाई चहानं होत नाही. रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्याला आपण "गुरखा" किंवा "बहादूर" म्हणतो आणि त्याचं नाव वर्षानुवर्षं विचारत नाही, त्याच सवयीतून हे येतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून हिणवलं गेलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना देशात इतरत्र राहताना येणाऱ्या अडचणी बघायला केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. टिंगल आणि मारहाण यांत किती कमी अंतर असतं, ते त्या वेळी देशाला दिसलं.

इथं बदलायचा आहे एकच शब्द. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला, तो साताऱ्याचा असो की शिलाँगचा की सिडनीचा, "ओळखपत्र द्या" म्हणायचं. परदेशी माणूस आपणहून पासपोर्ट काढतो, भारतीय आपणहून आधार किंवा लायसन्स काढतो. चेहऱ्यावरून देश ओळखायचं काम काउंटरवरच्या मुलाला कुणी दिलेलंच नाही.

चेहऱ्यावरून देश ओळखायचा म्हटलं तर आपण किती चुकतो याचं उदाहरण फार लांबचं नाही. बेळगावच्या पुढं खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आले, बरेचसे गुलाम म्हणून आणले गेले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. ते कोकणीच्या वळणाची बोली बोलतात, कानडी बोलतात, काही मराठीही बोलतात. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. असा तरुण कोल्हापूरच्या स्टँडवर उतरला तर त्याला रिक्षावाला इंग्रजीत हाक मारतो. त्यानं "दसरा चौक" म्हटल्यावर "मराठी कुठं शिकलास?" हा प्रश्न येतो. त्याचं घराणं या मातीत किती पिढ्या आहे, याचा हिशोब आपल्यातल्या अनेक घराण्यांना आपल्या स्वतःच्या बाबतीत देता येणार नाही. "गाव कुठलं?" विचारलं तर तो हल्याळ सांगेल. तिथं थांबावं. पुढं विचारायचंच असेल तर हल्याळात पाऊस कसा झाला ते विचारावं, भात कसं आलंय ते विचारावं.

गाव कुठलं, याचं उत्तरच देता येऊ नये अशी पाळी ज्यांच्यावर आली, त्यांची एक जागा आपल्या शेजारीच आहे. मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेवर वळिवडे स्टेशन लागतं. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाच्या ताब्यात गेला. १९४० आणि १९४१ मध्ये तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. १९४३ मध्ये वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कारण कर्ते पुरुष एक तर सैन्यात होते किंवा वाटेत गेले होते. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, असं एक अख्खं गाव उसाच्या मुलखात वसलं.

युद्ध संपलं तरी त्यांना घरी जाता येईना, कारण ज्या भागातून त्यांना उचललं होतं तो आता पोलंडात राहिलाच नव्हता. सीमा सरकली होती. ती गावं आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. १९४८ पर्यंत माणसं हळूहळू ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडं गेली, काही पोलंडातही परतली. एका पोलिश मुलीनं इथल्या मुलाशी लग्न करून कोल्हापुरातच संसार केला. आणि त्या रिकाम्या बराकींत आले फाळणीतून निघालेले सिंधी. त्यांचंही गाव सीमेच्या पलीकडं गेलेलं. तेच आजचं गांधीनगर, जिथं लग्नाचा बस्ता बांधायला आणि दुकानासाठी ठोक माल भरायला अख्खा जिल्हा जातो. एकाच जमिनीवर, एकापाठोपाठ एक, गाव हरवलेल्या दोन लोकांनी चूल मांडली. आजही गांधीनगरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या पोराला मे महिन्यात "सुट्टीला गावाला जाणार काय?" असं सहज विचारलं जातं. प्रत्येकाला एक गाव असतंच, हे आपण धरूनच चालतो. त्याचं गाव सिंधमध्ये असतं. तो म्हणतो, "आमचं गाव हेच."

वळिवड्याच्या आठवणीनं कोल्हापूरचा ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं जाऊन वंदन केलं. तरी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ती पाच हजार माणसं गोरी होती. साहेबाच्या राज्यात गोऱ्या कातडीला उभं राहायला जागा आपोआप मिळत होती. तीच माणसं काळी असती तर त्यांची आठवण आपण अशीच जपली असती का? मला याचं उत्तर हो असं ठामपणे देता येत नाही. पन्हाळ्यावर गोऱ्या पाहुण्याभोवती सेल्फीसाठी रांग लागते आणि काळ्या पाहुण्याकडं लांबून बोट दाखवून हसतात, हे कुणीही जाऊन बघावं. दोघांनाही माणूस म्हणून वागवलेलं नसतं, पण दोघांच्या वाट्याला येणारं सारखं नसतं.

या गावाकडं दुसरा वारसाही आहे, आणि तो जास्त कामाचा आहे. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं होतं. काही वर्षांत तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. बाकीच्या मुलांना कुणी हाकललं नव्हतं, पण स्वयंपाकघर, पंगत, बोलणं, व्यवस्था सगळं आधीपासून रुळलेल्यांच्या सोयीचं होतं. महाराजांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो वेगळाच होता. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला मदत केली, म्हणजे खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात पहिल्या रात्री पाठ टेकायला हक्काची जागा असावी. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातल्या काही वास्तू आजही दिसतात. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण नुसतं उघडं दार पुरत नाही, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं.

आणि महाराज स्वतः कुठं चहा प्यायचे, तेही इथं सांगायला हवं. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि आपली गाडी तिथं थांबवून चहा मागवून घ्यायला सुरुवात केली, बरोबरच्या मानकऱ्यांसकट. भाषणापेक्षा तो कप जास्त लांब पोचला.

परगावच्या, परदेशच्या माणसाला ताटावर बसवताना हेच ध्यानात ठेवायचं. "आमच्या कोल्हापूरचं तिखट झेपतंय काय बघू" ही पैज लावून पाहुण्याला मिसळ घालू नये. झेपलं नाही की तो घाम पुसत पाणी पीत राहतो, आणि पाण्यानं तिखट उतरत नाही, कारण मिरचीतला जाळणारा अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून दही किंवा दूध आधीच टेबलावर ठेवावं. मिसळ मांडताना उसळ आणि फरसाण घालून कट वेगळ्या वाटीत द्यावा. तो एक चमचा घालून बघेल, मग दुसरा. एकदा ओतलेला कट परत काढता येत नाही. ब्रेडचा कोरडा तुकडा जवळ असावा. मटणाच्या ताटात पांढरा रस्सा आधी पुढं करावा. त्यात नारळाचं दूध आणि अख्खा मसाला असतो, लाल चटणी नसते. तांबडा नंतर. आणि "व्हेज की नॉनव्हेज?" यापेक्षा "काय काय चालत नाही?" असं विचारावं. त्यात डुकराचं मांस, गोमांस, शेंगदाण्याची ॲलर्जी, उपवास, सगळं येतं, आणि कुणाची जात-धर्म उकरावा लागत नाही.

नावाचंही असंच. अवघड वाटलं म्हणून "तुला आपण राजू म्हणू" करू नये. त्याच्याकडून नाव दोनदा म्हणवून घ्यावं आणि देवनागरीत लिहून घ्यावं. आपली लिपी यासाठी फार सोयीची आहे. आपण इंग्रजीवरून वॉर्सा म्हणतो, पण पोलिश माणूस वर्शावा म्हणतो, आणि ते आपल्याला पहिल्याच फटक्यात म्हणता येतं.

फोटोत तर भेदभाव यंत्रातच शिरलेला असतो. फिल्मच्या काळात रंग जुळवायला जे नमुना-कार्ड वापरत त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे, आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील काजळीत बुडत. मोबाईलनं बरीच सुधारणा केली, तरी रंकाळ्यावर संध्याकाळी, मागं उजेड आणि पुढं वेगवेगळ्या रंगांची माणसं, असा फोटो काढला की सावळे आणि काळे चेहरे हरवतातच. सगळ्यांना एका सावलीत उभं करावं. स्क्रीनवर सगळ्यात काळ्या चेहऱ्यावर बोट टेकवावं, म्हणजे उजेड त्याच्या हिशोबानं ठरतो, आणि गोरे चेहरे पांढरेफटक होऊ लागले तर स्क्रीनवरची उजेडाची सरकपट्टी थोडी खाली ओढावी. चेहरा उजळणारं ब्युटी सेटिंग बऱ्याच फोनमध्ये आपोआप चालू असतं, ते आधी बंद करावं. आणि काढण्याआधी विचारावं. केसांना हात लावण्याआधी तर विचारूही नये, हात लावूच नये.

वळिवड्याच्या छावणीत लहानपण काढलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तिथं जी बाळं जन्मली ती आज ऐंशीच्या घरात असतील. पोलंडच्या पासपोर्टवर जन्मस्थळ छापलेलं असतं. त्यांच्यातलं कुणी नातवाचा हात धरून काउंटरशी आलं, तर ओळखपत्र मागावं, ते उघडावं, आणि फॉर्म भरताना जन्मस्थळाची ती ओळ नीट वाचावी. मग "गाव कुठलं?" विचारायला हरकत नाही. वळिवडे म्हणाले, तर गांधीनगरचा रस्ता सांगू नये, गाडीवर घालून सोडून यावं.